डाकीण बसली मागच्या सीटवर

"सोडलं! सोडलं! डाकिणीनं चाक सोडलं!"

मांत्रिक वेगनाथ बाबांनी आरोळी ठोकली आणि बमरोलीच्या खाडीपुलावर जमलेल्या गर्दीनं एकच गिल्ला केला. मिलमालक जेरामशेठची विलायती पांढरी गाडी घटकाभरापूर्वी चढावर हटून बसली होती, ती सरसर वर निघून गेली. बायांनी हात जोडले. कापडाच्या लूमवर काम करणारी पोरं शिट्ट्या मारायला लागली. एका म्हाताऱ्यानं तर बाबांच्या चपलेवरच डोकं टेकवलं, चप्पल कुठून कुठून फिरून आली होती याचा विचार न करता.

मी सरलाबाई. घरी बसून साड्यांना चमकीची टिक्की लावते, आणि तोंड बंद ठेवणं मला या जन्मी जमायचं नाही. गाडी चालवणारा सुकदेव म्हणजे माझा नवरा, त्यामुळे हा सगळा तमाशा मी पहिल्यापासून पाहिला.

अठ्ठ्याण्णवच्या दसऱ्याच्या आधी शेठनी ती गाडी आणली. दसऱ्याला सुकदेवनं तिची पूजा केली. तो मॅटाडोर चालवायचा तेव्हापासूनची त्याची रीत म्हणजे बोनेटला हळदकुंकू, चाकाखाली लिंबू, आणि नारळ फोडून त्याचं पाणी एक्सलेटरच्या पेडलवर. पायाखालची लक्ष्मी म्हणायचा तो पेडलला. त्यानंतर थोड्याच दिवसांत गाडी चढावर अडायला लागली. हळूच रेस दिली तर ढिम्म, जास्त दाबली तर एकदम उसळी, आणि मग समोर पिवळा दिवा लागून गोगलगाईची चाल.

नेमकी खाडीपुलाच्या चढाच्या पायथ्याशी काशीबाईची चहाची लारी, म्हणजे हातगाडी. तिचा नवरा, पोपट, मिलमध्ये कामाला होता. तो वारला तेव्हापासून त्या लारीवर तिचं घर आणि पोरीचं, चैतालीचं, कॉलेज चालायचं. पण वेगनाथ बाबांनी एकदा डोळे मिटले आणि बोट सरळ तिच्याकडे केलं.

"कडेला बसून गाडीकडे टक लावून बघते ती कोण? विधवा! गाडी को रोकती है कौन? डाकीण! चाकात केस गुंतवलेत तिनं, काळे केस, सात गाठींचे!"

काशीबाईचे केस कधीचेच पांढरे झाले होते. पण तेवढं बघायला डोळे उघडे लागतात.

दर रविवारी रजेच्या दिवशी विधी व्हायचा. मंत्र, उदी, नारळ. नारळाचं पाणी चाकावर, बोनेटवर आणि भरपूर पेडलवर. गाडी चालायची. आणि पुढच्या आठवड्यात आधीपेक्षा जास्त अडायची. "चवताळली!" बाबा म्हणायचे. शेवटी त्यांनी फर्मान काढलं, की येत्या रविवारी लारी उचलून खाडीत टाकायची आणि बाईनं बमरोली सोडायची. गर्दीनं माना डोलावल्या. रोज सकाळी तिच्या हातचा चहा पिणारी तोंडं होती ती! मला असा संताप आला म्हणून सांगू.

घरी आल्यावर मी सुकदेवला धरलं. "त्या बिचारीनी काय करं तुमनं?"

"तुले काय समजस गाडीमधलं? बाकी ठिकाणी नीट चालस. तठेच अडस."

मला गाडीतलं समजत नव्हतं हे खरं. म्हणून मी आमच्या पोरीच्या शाळेतल्या विज्ञानाच्या धनश्रीबाईंना गाठलं. बाई मूळच्या पारोळ्याच्या, आवाज बारीक पण प्रश्न टोकदार. त्यांनी घरी येऊन सुकदेवला समोर बसवलं.

"मिलच्या गेटमधून निघताना गाडी अडते का?"

"अडते थोडी. पण तिथं सपाट आहे, बाई. ढकलत निघून जाते."

"आणि सिग्नलला?"

सुकदेवनं डोकं खाजवलं. "तिथं पण. पण तिथं कोण ध्यान देतो?"

"म्हणजे थांबून निघताना सगळीकडेच अडते. चढावर ती उघडी पडते एवढंच. आणि काशीबाईंनी लारी तिथं लावली, कारण पुलावर चढण्याआधी गर्दीत तिथं सगळ्यांनाच थांबावं लागतं. बरं, बाबा येण्याआधी गाडी अडली की तुम्ही काय करायचात?"

"बंद करून थोडं थांबायचो. परत चालू केली की ठीक चालायची."

"हे बाबांना सांगितलं होतंत?"

सुकदेवनं होकाराची मान हलवली. पहिल्याच दिवशी बाबांनी गोड बोलून सगळं विचारून घेतलं होतं. तेव्हापासून मंत्राआधी त्यांचा पहिला हुकूम एकच असायचा: "चावी काढ, अग्नी शांत कर!"

रविवार उजाडला. लारी उचलायला धट्टेकट्टे गडी तयार. काशीबाई स्टोव्हजवळ उभी होती. "मी कोनाचं काय वाईट केलं व बाई?" ती मला म्हणाली. मी तिचा हात धरला.

धनश्रीबाई सरळ जेरामशेठपुढे गेल्या. "शेठ, कापडाचा रंग कच्चा की पक्का हे तुम्ही धुऊन बघता ना? मग आज बाबांचा मंत्र एकदा धुऊन बघू."

शेठ गुजराती, व्यापारी माणूस. "सारुं. जोई लइए. बघून घेऊ," ते म्हणाले.

गाडी चढावर आली, अडली, पिवळा दिवा लागला. बाबांनी तोंड उघडलं, "चावी—"

"चावी तशीच राहू द्या," बाई म्हणाल्या. "इंजिन चालू आणि मंत्रही चालू."

बाबांनी मंत्र म्हटले. उदी उधळली. स्वतःभोवती गरागरा फिरले. गाडी गोगलगाय ती गोगलगायच. "बाई बघतेय म्हणून!" बाबा घामाघूम होऊन किंचाळले. मग काशीबाईला पुलापलीकडे नेऊन उभं केलं. तरी गोगलगाय! गर्दीत कोणीतरी फिस्सकन हसलं.

"आता उलट करू," बाई म्हणाल्या. त्यांनी भला मोठा पेढा काढून बाबांच्या तोंडात कोंबला. "महाराज, प्रसाद. बोलायचं नाही." मग काशीबाईला बोलावून त्यांनी गाडीचं मागचं दार उघडलं. "बसा."

"मी? शेठच्या गाडीत?"

"बेसो, बेसो," शेठ म्हणाले.

सुकदेवनं चावी काढली, थोडा थांबला, परत चालू केली. बाबांचे गाल पेढ्यानं फुगलेले. आणि गाडी काशीबाईला मागच्या सीटवर घेऊन, डोक्यावरचा पदर सावरत बसलेल्या काशीबाईला घेऊन, सरळ चढून वर गेली! शिट्टी नाही, जयजयकार नाही, गर्दी नुसती बघत राहिली.

गाडी खाली आली तेव्हा बाईंनी सुकदेवच्या पायाशी बोट दाखवलं. मुंग्यांची रांग पेडलच्या वरच्या काळ्या डबीत शिरत होती. सुकदेवनं पेचकसनं स्क्रू काढून डबी उघडली. आत नुसता चिकटा, आणि त्यात मेलेल्या मुंग्या.

"जुन्या गाडीत पेडलपासून इंजिनापर्यंत लोखंडी तार असते. तिच्यावर नारळ काय, अख्खी विहीर ओता," बाई म्हणाल्या. "या गाडीत तशी तार नाही. पाय किती दाबला हे ही डबी विजेनं कॉम्प्युटरला सांगते आणि तो इंजिनाला हवा सोडतो. रेडिओचं आवाजाचं गोल बटण जुनं झालं की फिरवताना सुरुवातीला खरखर करतं ना, तसं झालंय. गोड पाणी सुकून आत चिकटलंय, म्हणून हळू दाबलेलं कळतच नाही. डबी उलटसुलट सांगते, कॉम्प्युटर घाबरतो आणि गाडी सावकाश चालवतो. बंद केली की विसरतो आणि नव्यानं सुरू करतो. बाबांचा मंत्र म्हणजे तुमची चावी, आणि रोग वाढवला तो त्यांच्याच नारळानं."

"म्हंजे... मीच केलं?" सुकदेवचा चेहरा उतरला.

"तुम्ही पूजा केलीत. पाप नाही केलंत," बाई म्हणाल्या. "पण दोष बाईवर ढकलायच्या आधी डबी उघडायची होती."

तोवर बाबा पेढ्यासकट पसार झाले होते. पुढं नवी डबी बसवली. कंपनीच्या माणसानंही हेच सांगितलं. गाडी आता लोण्यासारखी चालते.

पण मला सांगायचंय ते त्या दिवशीचंच. लारी उचलायला आलेले गडी खाली मान घालून म्हणाले, "काशीमावशी, चहा टाका." काशीबाईनं स्टोव्ह पेटवला नाही. ती सगळ्यांकडे बघत म्हणाली, "मुंग्या सापडल्या म्हनून मी सुटली. नसत्या सापडल्या तर?"



म्हणून वाचणाऱ्यांना हात जोडून सांगते. गाडी का अडली हे कळलं नाही, तर एवढंच म्हणा की कळलं नाही. आणखी शोधा, तपासून बघा, जाणत्याला विचारा. नाहीच सापडलं तरी काशीबाई डाकीण नव्हतीच.