लाल रेघेचा खांब

मित्रांनो, मी एक जुना लाकडी खांब आहे. समुद्राकाठच्या निसर्ग उद्यानात, खारफुटीतून जाणाऱ्या फळ्यांच्या वाटेशेजारी मी चिखलात उभा आहे. माझ्या अंगावर आकडे आहेत आणि एक लाल रेघ. पाणी त्या रेघेला टेकलं की वाट बंद करायची. माझं काम एवढंच, पण पंचवीस वर्षं ते मी चोख केलं.

पावसाळ्यात माणसं मुद्दाम खेकडे आणि बगळे बघायला येत. उद्यानाचा पहारेकरी तासातासाला माझ्यापाशी येऊन वाकून बघे. "आमचा साहेब हा! हा म्हणेल तेव्हाच आत," असं तो लोकांना सांगे. मी अगदी फुगून जाई.

गेल्या उन्हाळ्यात माझं बूड कुजलं. गवंड्याने मला उपटलं, कुजका भाग कापला आणि खाली सिमेंटचा ठोकळा ओतून पुन्हा उभं केलं.

"अरे, हा वीतभर वर गेला की!" पहारेकरी म्हणाला.

"म्हातारपणी उंची वाढली," गवंडी म्हणाला. दोघेही पोट धरून हसले.

रेघ वीतभर खाली घ्यायला हवी होती. पहारेकऱ्याने डबा उघडला, तर रंग सुकलेला. ते काम तसंच राहिलं.

पावसाळ्यातल्या एका दुपारी मुसळधार पाऊस आणि भरती एकदमच आली. पहारेकऱ्याची मुलगी तिथेच वाटाडी होती. तिच्यासोबत एक कुटुंब होतं.

"बाबा, जाऊ ना?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. पाणी रेघेच्या दोन बोटं खाली होतं.

"जा. पण लवकर ये गं."

मला ओरडता आलं नाही. पाणी फळ्यांवर चढलं, तेव्हा तिने एकेकाला पक्षी बघायच्या मचाणावर ढकललं. ती शेवटी राहिली. दुसऱ्या दिवशी ती खारफुटीच्या मुळांत सापडली.

चौकशीला अधिकारी आले. "पाणी कुठवर होतं?"

"रेघेच्या खाली," पहारेकरी म्हणाला.

ते खरंच होतं. अधिकाऱ्यांनी कागद मिटले. त्याला कोणीच दोष दिला नाही. दिला असता, तर निदान त्याला भांडता तरी आलं असतं.

मित्रांनो, तुम्ही आमची डागडुजी करता, हे तुमचे उपकार आहेत. पण त्यानंतर आम्हाला एकदा मोजून बघत जा. आम्ही मुद्दाम फसवत नाही. तुम्ही जिथे उभं कराल, तिथूनच आम्ही सांगतो, आणि कोणीतरी बाप आमच्या भरवशावर आपलं लेकरू पाण्यात पाठवतो.