साठावरचा काटा

काच वाहणाऱ्या माणसाला दोन गोष्टी याव्या लागतात: गाडी हळू चालवणं आणि काच वाजवून बघणं. आमच्या ह्यांना दोन्ही यायच्या. तिसरी, म्हणजे बायकोचं ऐकणं, जन्मात जमली नाही.

खिडक्यांच्या काचांचं आमचं दुकान. माल पोचवायला एक जुनी व्हॅन. काच उचलली की हे नखानं तिच्यावर दोनदा टिकटिक करायचे. आवाज स्वच्छ आला तर काच धड. बसका आला तर कुठेतरी तडा, डोळ्याला दिसो न दिसो. ती खोड इतकी अंगात मुरलेली की गाडीत बसले तरी आधी स्पीडोमीटरच्या काचेवर टिकटिक, मगच चावी. आणि काटा साठाच्या वर जाऊ द्यायचा नाही. मागे काचा असोत नाहीतर गाडी रिकामी असो, साठ म्हणजे साठ.

हे गेल्यावर ती टिकटिक थांबायला हवी होती. थांबली नाही.

मी शाळेत फार गेलेली बाई नाही. माझं अक्षर मुलाला लागत नाही, मुंग्या फिरल्यासारखं दिसतं म्हणतो, म्हणूनच निर्धास्त लिहितेय. भित्रीही नाही. उंदीर समोर आला तर उंदीर पळतो. पण दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी भर दुपारी फुटक्या काचा गोळा करत होते आणि उभ्या गाडीतून स्वच्छ आवाज आला. टिक, टिक. मग गप्प. हातातलं सूप खाली ठेवून मी म्हणाले, "आले हो." तोंडातून निघूनच गेलं.

पुढे रोजचंच झालं. मुलालाही ऐकू यायचं. तो शेडच्या दाराशी आला की कानावर हात घेऊन मागे फिरायचा. गाडीत तर त्यानं त्या दिवसापासून पाय ठेवला नव्हता.

त्या दिवशी तोच चालवत होता. शेजारी हे, छातीवर हात धरून. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाला, "थोडं आधी आणलं असतं तर." तो बोलून मोकळा झाला, आमच्या पोरानं ते वाक्य गिळलं आणि ते त्याला आतून खात बसलं.

"रस्ता सरकतच नव्हता गं आई," जेवता जेवता घास हातात धरून म्हणायचा. "बाबा काट्याकडे बघून म्हणाले, साठ झाले, बास. मी पाय तिथेच धरला. पण कुणीतरी गाडी मागून ओढतंय असं वाटत होतं. दाबायला हवा होता मी. पाय मेला होता माझा."

"जेव आधी."

जेवायचा नाही. काच कापायलाही धड जमेना. हिऱ्याची रेघ वाकडी जाई, काच भलतीकडेच फुटे. एकदा तळहात उघडा पडला, तर रक्ताकडे बघत नुसता उभा राहिला. माझं पोर डोळ्यांसमोर झिजत होतं आणि मी नुसती ताटं वाढत होते.

गाडी आता सून चालवते. बायकांनी गाडी हाकावी हे मला आधी पटलं नव्हतं. आज तिच्याच जिवावर दुकान उभं आहे, पण ते तिला सांगायची मला घाई नाही.

एके दिवशी दार आपटत ती शेडमध्ये उतरली. "आई, ह्या काट्याला वेड लागलंय. साठ दाखवतोय आणि बाजूनं एक सायकलवाला शिट्टी मारत पुढे गेला. वर म्हातारा होता!"

"तूच रेंगाळत असशील."

"मग उद्या तुम्ही बसा आणि गाठा त्याला."

मी हसले. आणि हसता हसता मला त्या दिवशीचे साठ आठवले. तिचंही तोंड उतरलं. दोघींनी एकदमच दुकानाकडे पाहिलं. आतून काचेवर हिरा ओढल्याचा आवाज येत होता.

"कधीपासून?" मी हळू विचारलं.

"मी चालवतेय तेव्हापासून असाच आहे. मला वाटलं, जुनी गाडी, जुना काटा."

स्पीडोमीटरचं काम आमच्या घरात दोघांनी करायचं असतं. गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत एक लांब केबल, तिच्या पोटात फिरणारी तार. ती बाहेर ओढायची, रॉकेलनं पुसायची, फरशीवर लोळवून कुठे पीळ पडलाय का बघायचं. मग हे खालच्या टोकापासून ग्रीस लावत यायचे आणि मी वरचं टोक कोरड्या फडक्यात धरून बसायची. मीटरकडच्या वीतभर तारेला ग्रीसचं बोटसुद्धा लागता कामा नये. लागलं तर तार फिरता फिरता ते वर चढतं, मीटरात शिरतं, काट्याखालची वाटी चिकटून जास्तच ओढली जाते आणि काटा खोटं बोलायला लागतो. हे सगळं दर वेळी मला नव्यानं सांगायचे, जशी काही मी कालच लग्न होऊन आले. मी म्हणायची, "ऐकलं."

सून डॅशबोर्डखाली आडवी झाली. मीटरमागची चकती सोडवून तिनं तार ओढली. तार अगदी शेंड्यापर्यंत काळी, चकचकीत. मीटर काढला, कड उचकटून काच बाजूला केली, तर आत वाटीभोवती तपकिरी लगदा.

"हे कुणाचं काम?" मी ओरडले. त्या तारेला आमच्या दोघांखेरीज कुणी हात लावत नसे, हे मला ठाऊक होतं तरी ओरडले.

सून हात पुसत राहिली. "बाबांचं. तुम्ही ताईंकडे गेला होतात तेव्हा. हे माल आणायला गेले होते, घरात मी एकटीच. मी म्हटलं, आईंना येऊ द्या. तर म्हणाले, तिच्यावाचून अडतं असं तिला वाटायला नको."

मी पाठ फिरवून पेट्रोलमध्ये ब्रश बुडवला. केसाएवढी स्प्रिंग असते आत, तिला धक्का लागू द्यायचा नाही. मी तो लागू दिला नाही. तेवढं सांगते.

"ह्यांना सांगायचं का?" सुनेनं विचारलं.

गप्प बसावं, तर पोर स्वतःच्या पायाला शिव्या देत मरणार. सांगावं, तर ज्या माणसाच्या हातून कधी काच तडकली नाही म्हणून मी गावभर मिरवलं, त्याच्याच हातानं त्याचा घात केला असं पोरानं जन्मभर म्हणायचं. बापाची आठवण तरी धड राहायला नको?

"आधी गाडी बाहेर काढू," मी म्हटलं.

मीटर जागेवर बसवला आणि दुकानात गेले. "ऊठ. गाडी बघायचीय."

"ती बघेल ना, आई."

"तिचे हात ग्रीसनं बरबटलेत. आणि मी तुला विचारत नाहीये."

तो चालवायला बसला. मी शेजारी, ह्यांच्या जागेवर. सून मागे, काचा उभ्या ठेवायच्या लाकडी घोड्यांमध्ये. गावाबाहेरचा सरळ रस्ता लागला. काटा शहाण्यासारखा वर चढला. तीस, चाळीस, साठ. खांब सपासप मागे पडायला लागले.

"आई, हे साठ नाहीत."

"साठच आहेत."

"त्या दिवशी साठावर मला भिंतीवरच्या जाहिराती वाचता येत होत्या. अक्षर न् अक्षर वाचलं मी. आज एक वाचता येत नाहीये."

त्यानं गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं.

"काटा खोटा होता," मी म्हणाले. "ग्रीस वर चढलं होतं. तो साठ दाखवायचा तेव्हा गाडी फार तर वीस-पंचवीसवर असेल. तुला जिथे धरायला सांगितलं तिथेच तू पाय धरलास. तुझा पाय धड होता."

तो कितीतरी वेळ पायाकडे बघत राहिला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. मग मान वर केली. "ग्रीस कुणी लावलं?"

मागे सुनेचा श्वास अडकलेला मला ऐकू आला.

"मी," मी म्हणाले. "वरचं टोक पुसायचं राहिलं."

त्याच्या चेहऱ्यावर राग चढला. लालबुंद, जिवंत राग. कितीतरी दिवसांनी त्या चेहऱ्यावर काहीतरी जिवंत दिसलं. "तू?"

"हो, मीच. काय करायचं ते कर."

इंजिन बंद, काटा शून्यावर निपचित. आणि मीटरच्या काचेवर वाजलं, टिक, टिक. तिघांनीही ऐकलं.

ह्या वेळी आवाज स्वच्छ नव्हता. तडा गेलेल्या काचेचा येतो, तसा बसका होता.

मी मीटरच्या काचेवर तळहात ठेवला. ती गार होती, धड होती. तडा गेला असेल तर माझ्या शब्दाला.

"ऐकलं," मी म्हणाले.