मल्लदासूची बायको

तेनालीच्या नाटकांत रत्नमाणिक्यमनं वीस वर्षं राण्या रंगवल्या, तेव्हा रस्त्यात तिच्याकडे कुणी वळूनही पाहत नसे. मग मद्रासला जाऊन तिनं बुरुड संत मल्लदासूच्या सिनेमात त्याच्या कजाग बायकोचं काम केलं. घरात तांदळाचा दाणा नाही आणि नवरा भजनात दंग, म्हणून ती त्याचा तंबोरा मोडून चुलीत घालते. त्या प्रसंगात तिनं असा काही जीव ओतला, की दिवे धरणारे कामगारसुद्धा गप्प झाले.

सिनेमा तेनालीला लागला. बायका चपला बाहेर काढून थिएटरात शिरत, पडद्यावर मल्लदासू दिसला की कापूर पेटवत. रत्नमाणिक्यम नवऱ्याला घेऊन गेली. नवरा कोटय्या नाटकात पेटी वाजवायचा, पण छातीच्या दुखण्यानं वर्षभर घरीच होता. मध्यंतरात दिवे लागले आणि मागच्या रांगेतल्या एका म्हातारीनं तिला ओळखलं.

"हीच ती! देवमाणसाला उपाशी मारणारी!" म्हणत तिनं फाडकन मुस्काटात दिली.

"आजी, अहो, सिनेमा आहे तो," कोटय्या खोकत म्हणाला.

"मला शिकवतोस? तंबोरा जळताना मी या डोळ्यांनी पाहिला!"

घरी येताना कोटय्या हसला. "राणीच्या कामाला एवढी दाद कधी मिळाली होती का गं तुला?"

गाल चोळत तीही हसली.

पण पुढं हसण्यासारखं काही राहिलं नाही. गोंगुऱ्याची भाजी विकणारी पोलम्मा तिला पाहून टोपलीवर फडकं ओढायला लागली. देवळात पुजारी तीर्थाची पळी घेऊन तिच्या पुढून सरळ निघून जाई. नाटक मंडळीनं तिला काम देणं थांबवलं. ती रंगमंचावर आली की दगड येत. कोटय्याला रक्ताची गुळणी झाली, तेव्हा शेजारणी उंबऱ्याबाहेरूनच कुजबुजल्या, "तळतळाट लागला. दुसरं काय?"

सिनेमाच्या शंभराव्या दिवसाच्या सोहळ्याला मल्लदासूचं काम करणारा कनकराजू गावात आला. रत्नमाणिक्यमला हायसं वाटलं. चित्रीकरणात तो तिच्याशेजारी बसून चिरूट ओढायचा, 'अक्का, अक्का' करत तिच्या डब्यातलं लोणचं चाटून खायचा. तो दोन शब्द बोलला तर लोक ऐकतील.

थिएटरच्या मंचावर तो भगव्या शालीत बसला होता आणि बायका रांगेनं पाया पडत होत्या. ती रांगेतून पुढं गेली.

"राजू," ती हळूच म्हणाली, "एवढंच सांग यांना, की ते काम होतं. माझं जगणं मुश्किल झालंय रे."

कनकराजूनं तिच्याकडे पाहिलं. मग उजवा हात तिच्या डोक्यावर ठेवून, सिनेमातल्याच संथ आवाजात तो म्हणाला, "अम्मा, मी तुला क्षमा केली."

"अरे, मी रत्नम! काय बोलतोयस?"

तो चेष्टेनं डोळा मिचकावेल म्हणून ती वाट बघत राहिली. त्याच्या डोळ्यांत खरोखरचं पाणी होतं. सगळं थिएटर उठून जयजयकार करू लागलं.

दुसऱ्या दिवशी पोलम्मानं फडकं बाजूला केलं. "घे बाई. स्वामींनी सोडलं, मग मी कोण अडवणारी?"

"काय म्हणाला राजू?" अंथरुणावरून कोटय्यानं विचारलं.

"क्षमा केली म्हणाला."

"म्हणजे आता गुन्हा तुझ्याच नावावर," कोटय्या म्हणाला.

कार्तिकात तो गेला. या खेपेला मात्र सगळी गल्ली आली. बायकांनी तिला आंघोळ घातली, बांगड्या उतरवल्या. थिएटरात मारणारी म्हातारीही आली होती. तिनं रत्नमाणिक्यमला कुशीत घेतलं.

"रडू नकोस पोरी. नवऱ्याला छळलंस, त्याचं भोगून झालं तुझं."

कोटय्याला तिनं कधी उपाशी ठेवलं नव्हतं. हे सांगायला तिनं तोंड उघडलं, पण सभोवतालच्या बायका मायेनं माना डोलवत होत्या. तिनं तोंड मिटलं.