उसन्या श्वासाचे चार तास

मित्रांनो, मी हवेचा एक जुना पंप आहे. दवाखान्यात मला सीपॅप म्हणतात, घरी कोणी ‘यंत्र’ म्हणते, तर कोणी ‘ते घोंघावणारे’. स्वस्थ बसणे माझ्या स्वभावात नाही. बटण दाबले की माझा पंखा फिरू लागतो आणि मला एकच ध्यास लागतो: माणसाचा पुढचा श्वास आला का? आला. आणि आता त्याच्या पुढचा?

कारखान्याचे मला फारसे आठवत नाही. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायकांनी माझी पाती बसवली, वाऱ्याचा जोर तपासला आणि माझ्या पोटात नखाएवढे कार्ड सरकवले. मास्क किती तास लावला, श्वास किती वेळा अडला, हे सगळे त्या कार्डावर उमटते. मला तोंड नाही, त्यामुळे जे काही सांगायचे ते कार्डानेच सांगायचे.

माझे काम सोपे आहे. काही माणसांचा घसा झोपेत इतका सैल पडतो की श्वासाची वाटच मिटते. छाती धडपडते, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू घटतो, शरीर घाबरते, रक्तदाब चढतो आणि हृदयाची तारांबळ उडते. माणूस दचकून धाप टाकतो आणि पुन्हा झोपतो. उठल्यावर त्याला यातले काहीच आठवत नाही. मी नळीतून एकसारखा वारा सोडतो, त्याने घसा उघडा राहतो. बस, एवढेच.

मला एका बेकरीवाल्याच्या घरी उसने दिले होते. धिप्पाड माणूस. पिठाच्या पोत्यांना टेकून डुलकी लागली की त्याचे घोरणे बाहेर रस्त्यापर्यंत जाई, म्हणून बेकरीत सगळे त्याला भोंगा म्हणत. भट्टीचे काम उजाडण्याआधीचे, त्यामुळे त्याची झोप भर दुपारची. मध्येच त्याच्या छातीत धडधड सुरू होई आणि ठोक्यांचा ताल सुटे. डॉक्टरीणबाईंनी झोपेची तपासणी केली. तासाला चाळीस वेळा श्वास अडत होता! त्यांनी मला त्याच्या हाती सोपवले आणि दवाखान्याचा नियम सांगितला: दर महिन्याला कार्ड दाखवायचे, रोजचे चार तास भरले नाहीत, तर यंत्र परत घेऊन यादीतल्या पुढच्या माणसाला द्यायचे.

पहिल्याच दुपारी भोंग्याने मास्क लावला आणि पाच मिनिटांत ओरबाडून काढला.

“तोंडावर उशी दाबल्यासारखं वाटतं. मला नको हे लफडं.”

“अहो, थोडी सवय तर होऊ द्या,” बायको म्हणाली.

“तू लाव मग!” तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून घोरू लागला.

त्याची बायको शिवणकाम करायची. शर्टांची काजे हाताने करण्यात तिचा हातखंडा होता. तिने माझ्याकडे पाहिले, नवऱ्याकडे पाहिले, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. मग पलंगाशेजारी खुर्ची ओढली, मास्क स्वतःच्या चेहऱ्यावर चढवला, नळी खांद्यावरून मागे टाकली आणि सुईत दोरा ओवला.

तुम्हाला हसू येईल, मित्रांनो. मला घाम फुटला असता, पण तीही सोय नाही. रोज चार तास ती माझा वारा घेत काजे करी आणि शेजारी ज्याला तो वारा हवा होता, तो घोरता घोरता गप्प होई. एक, दोन, तीन... ती सुई थांबवून मोजत राही. पंधरापर्यंत गेली की कोपराने त्याला ढोसे. तो फुर्रकन श्वास घेई, की हिची सुई पुन्हा चालू. यंत्र घरात टिकले तर आज ना उद्या हा लावेल, एवढीच तिची आशा होती. आणि मी? दीड हाताच्या अंतरावर त्याचा घसा मिटत होता आणि मी एका धडधाकट बाईला हवा पुरवत बसलो होतो! जीव नुसता वरखाली व्हायचा. कार्डावर मात्र दर दुपारी सुरेख नोंद पडत होती: चार तास, श्वास अडला जवळजवळ शून्य वेळा.

पहिल्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी भोंग्याला शाबासकी दिली. तो गोंधळला, पण फुकटची शाबासकी कोण परत करतो? दुसऱ्या महिन्यात मात्र कार्ड वाचून त्याला तपासताना त्या गंभीर झाल्या. रक्तदाब वाढलेला, ठोके आधीपेक्षा वाईट.

“झोपेचा प्रश्न तर मिटलेला दिसतोय,” त्या म्हणाल्या. “श्वास अडत नाहीये. म्हणजे हृदयाचं दुखणं वेगळंच आहे. गोळ्या बदलू, आणि पुढच्या आठवड्यात भरती करून विजेचा झटका देऊ. ठोके तालावर येतात का बघू.”

कार्डासोबत मलाही आणले होते; मी टेबलावर पडलो होतो. खोटे बोललो नव्हतो, तरी माझ्या साक्षीने एका माणसाचे हृदय चुकीच्या वाटेला लागले होते. ओरडावेसे वाटत होते. पण नळीतून काय आवाज निघणार?

बायकोने पदराचे टोक बोटाला गुंडाळले आणि सोडले. पुन्हा गुंडाळले.

“डॉक्टर,” ती म्हणाली, “ते श्वास माझे आहेत.”

मग तिने सगळे सांगितले, काजांसकट.

“अगं, तू?” भोंगा म्हणाला. “मला वाटलं, यंत्रच बावळट आहे!”

“बावळट मी,” ती म्हणाली, आणि तिला रडू फुटले. “यंत्र परत गेलं असतं. मग तुम्हाला काय झालं असतं तर?”

डॉक्टरीणबाई रागावल्या, आणि चांगल्याच रागावल्या. खोट्या नोंदीवर चुकीचे उपचार झाले असते, हे त्यांनी दोघांनाही स्पष्ट ऐकवले. मग भोंग्याला विचारले, “मास्कचं एवढं काय वावडं आहे?”

त्याने मान खाली घातली. “माझ्या वडिलांना शेवटी दवाखान्यात मास्क लावला होता,” तो म्हणाला. “मला वाटलं, तो लागला की माणूस घरी येत नाही. भीती वाटते हो.”

दोन महिने त्याला कोणी हे विचारलेच नव्हते. मी किती श्वास मोजले, पण भीती मोजायचा काटा माझ्यात नाही.

डॉक्टरीणबाईंनी झटका महिनाभर पुढे ढकलला, गोळ्या चालू ठेवल्या आणि चक्कर आली किंवा छातीत दुखले तर तडक निघून यायला बजावले. फक्त नाकावर बसणारा छोटा मास्क दिला. आणि लावायला शिकवले कोणी? बायकोने! दोन महिन्यांचा अनुभव तिच्या गाठीशी होता.

“आधी जागेपणी लावा,” ती म्हणाली. “पहिली दहा मिनिटं गुदमरल्यासारखं होतं. तोंड मिटा, नाकानं घ्या. मी एवढी काजं केली, तुम्ही पेपर तरी वाचा.”

तो मास्क लावून पेपर वाचू लागला. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटे, मग अर्धा तास. नवव्या दिवशी पेपर छातीवर पडला आणि तो तसाच झोपी गेला. मी जीव तोडून वारा सोडत होतो. श्वास आला. पुढचा आला. त्याच्या पुढचाही आला.

तिकडे शिवणयंत्र अचानक थांबले. बायको धावतच खोलीत आली. इतकी वर्षे ज्या घोरण्याला ती वैतागली होती, ते ऐकू येईना, म्हणून तिचे धाबे दणाणले होते. तिने त्याच्या छातीवर तळहात ठेवला. छाती संथपणे वर आली, खाली गेली. ती मोजू लागली, आणि मोजायला काही उरलेच नाही.

महिन्याअखेर कार्डावर त्याचे स्वतःचे श्वास होते. आधी रक्तदाब उतरला, मग धडधडीच्या खेपा कमी झाल्या. झटका द्यायची वेळ आली नाही. “हे जादूनं झालेलं नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “गोळ्या, चालणं आणि हे यंत्र, तिघांनी मिळून हृदयाला उसंत दिली. एकही सोडायचं नाही.”

आता माझी पाती खरखरतात. दवाखान्याने भोंग्याला नवा पंप दिला आणि मला कपाटात ठेवले. इथे कोणाचाच श्वास ऐकू येत नाही, आणि रिकामे बसणे मला सोसत नाही. म्हणून तुम्हाला एवढेच सांगतो, मित्रांनो. घरात कोणी घोरत असेल तर खुशाल हसा. पण घोरता घोरता श्वास थांबत असेल, तर त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा. यंत्र मिळाले तर ते त्याच्याच नाकावर राहू द्या. तो नको म्हणाला, तर त्याला भीती कशाची वाटते ते जवळ बसून विचारा. भोंग्याच्या बायकोइतका जीव लावणारे माणूस मी दुसरे पाहिले नाही, पण त्याच्या वाटचा एक श्वासही तिला घेता आला नाही.