मे महिन्यातले जोड

विनतानं वेल्डिंगचा जोड व्हाइसच्या जबड्यात आवळला, हातोडीचा एक घाव घातला, आणि पट्टी काडकन मोडून फरशीवर पडली. तुटलेली कड तिनं दुकानाच्या शटरमधून येणाऱ्या उजेडात धरली. आतून सगळी छिद्रं, अनारशाला पडतात तशी. अनारशाला जाळी पडली की करणारी खूश होते. लोखंडाला पडली की काम हातचं जातं.

"पाहू," प्रल्हाद म्हणाले.

तिनं तुकडा सासऱ्यांच्या हातावर ठेवला. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं, त्यामुळे ते हल्ली अंगठ्यानंच पाहत. फॅक्टरीत बत्तीस वर्षं वेल्डिंग केलेला तो अंगठा कडेवरून फिरला आणि मध्येच थांबला.

"गॅस कमी पडून राहिला."

"वाढवला, बाबा. सकाळपासून दोनदा वाढवला."

"मग मला नाही समजत तुमचं हे गॅसचं. रॉड असता तर सांगितलं असतं."

'तुमचं' म्हणजे तिचं आणि अनुपमचं. पाच वर्षांपूर्वी हे मिग वेल्डिंगचं मशीन अनुपमनं ओमती भागातल्या या दुकानात आणलं, त्या दिवसापासून प्रल्हादांनी मशीनकडे सावत्र नजरेनं पाहिलं होतं. रॉडच्या अंगावर मसाला असतो, तो वितळतो आणि तापलेल्या जोडावर पांघरूण घालतो. या मशीनची तार मात्र उघडीच, आणि तिचं पांघरूण म्हणजे नळीतून येणारा, डोळ्यांना न दिसणारा गॅस. प्रल्हादांना ते कधी पटलं नाही. "सिलिंडरवर स्वयंपाक होते, वेल्डिंग नाही," असं ते गिऱ्हाइकांदेखत मुलाला म्हणायचे. अनुपम हसून सोडून द्यायचा. पुढेपुढे हसायचाही नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यातच तो गेला. याच दुकानात, दुपारी तीनच्या सुमाराला, एका मोठ्या गेटचं काम अर्ध्यावर टाकून. लू लागली, उष्माघात झाला, असं सगळे म्हणाले. अंगात कातड्याचा एप्रन, हातांत मोजे, डोक्यावर हेल्मेट, आणि पाठीशी बंद कूलर. इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं होतं, कूलर नव्हता का? "होता," प्रल्हाद म्हणाले होते. "मी लावायचो, तो बंद करायचा. जिद्दी होता." त्यानंतर दीक्षितपुऱ्यातल्या घरी भेटायला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी हेच सांगितलं. विनतालाही दुसरं कारण सापडलं नव्हतं. नवऱ्याची आठवण येऊन ती रडायची, आणि रडता रडता त्याच्यावर चिडायचीही. एक बटण दाबायला काय झालं होतं? बापाशी अबोला धरायचा तर धर, हवेशी कसला धरतोस?

मार्चमध्ये तिनं मशीनवरची चादर काढली. अनुपमच्या शेजारी उभं राहून पाहिलेलं थोडं, मोबाइलवर पाहून शिकलेलं थोडं. एप्रिल संपेपर्यंत हात बसला होता. सरळ जोड जमत होते, कोपरेही बरे येत होते. शाळांना बाकं पुरवणारा तुळशीराम ते पाहून गेला आणि बाकांच्या सांगाड्यांचं काम द्यायला तयार झाला. मग मे लागला आणि काय झालं कोण जाणे, जमलेलं सगळं बिघडलं. तुळशीरामनं पहिल्याच नमुन्यावर हातोडी मारली, जोड उघडला, आणि तो बिचारा स्वतःच ओशाळला.

"दीदी, इस पर बच्चे बैठेंगे," तो म्हणाला. "शनिवार को चार जोड़ पक्के दिखा दो. नहीं तो मुझे कहीं और देखना पड़ेगा."

शनिवारनंतर काय, तेही ठरलेलं होतं. काम मिळालं नाही तर मशीन विकायचं, दुकानाला कुलूप लावायचं, आणि विनतानं भावाकडे नागपूरला जायचं. हे प्रल्हादांनीच सुचवलं होतं, तिच्या भल्यासाठी. स्वतः कुठे जाणार ते मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं. त्या घरात आता दोघंच होती. हा माणूस एकटा चहा करून पिताना डोळ्यांसमोर आला की विनता पुन्हा मशीन सुरू करायची.

म्हणून ती एकेक कारण धरून मागे लागली. पट्ट्या ग्राइंडरनं घासून चकचकीत केल्या, कारण गंज असला तर छिद्रं पडतात. तेलाचा हात असेल म्हणून त्या पुसून उन्हात ठेवल्या. तोंडाच्या नोझलमध्ये उडालेल्या लोखंडाचे छर्रे साचले होते, ते खरवडून काढले. अर्थिंगचा चिमटा बदलला. तारेचं रीळ नवं घातलं. सिलिंडर मेच्या सुरुवातीला बदललेला, त्यामुळे तिचा सगळ्यात जास्त संशय त्याच्यावर होता. तिनं नळीच्या प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावून पाहिलं. कुठेही बुडबुडा आला नाही. प्रत्येक तुकड्यावर ती खडूनं आकडा आणि वेळ घालायची, म्हणजे कुठल्या बदलानंतर काय झालं ते कळावं. बुधवार संध्याकाळपर्यंत असे एकवीस तुकडे झाले आणि तिनं हात टेकले.

या सगळ्यात प्रल्हादांनी एकच काम अंगावर घेतलं होतं. कूलरचं. मेच्या एक तारखेला त्यांनी त्याला वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या, तो विनताच्या पाठीमागे दोन हातांवर आणून ठेवला, आणि सकाळी दुकान उघडल्यापासून तो फुल सोडलेला असायचा. ती म्हणाली होती, एवढा कशाला, मला सर्दी होईल. त्यांनी ऐकलं नाही. सकाळी अकराला आणि दुपारी तीनला ते समोरच्या नळावरून बादल्या आणून त्यात पाणी भरायचे. करंट लागेल या भीतीनं आधी प्लग काढायचे, टाकी भरायचे, ओला पत्रा फडक्यानं पुसायचे, मग पुन्हा प्लग लावायचे. एकूण पंधरा मिनिटांचं काम. ती पंधरा मिनिटंसुद्धा त्यांना लांब वाटायची.

गुरुवारी सकाळी विनतानं एकवीसही तुकडे फरशीवर ओळीनं मांडले. अठरा वाईट होते. तीन चांगले होते, आणि नुसते बरे नव्हेत, एप्रिलमधल्यापेक्षा चांगले. तिनं खडूचे आकडे वाचले. अकरा वाजून पाच. तीन दहा. अकरा दहा.

त्या वेळी तिनं काही वेगळं केलं होतं का, ते आठवेना. तेवढ्यात पाठीमागे कूलरची घरघर थांबली. प्रल्हाद प्लग काढून बादली घ्यायला वळले होते.

विनता तशीच उकिडवी बसून राहिली. वारा गेला होता. मानेवर घाम यायला लागला होता. मग तिनं घाईघाईनं हेल्मेट घातलं, दोन पट्ट्या जुळवल्या आणि जोड मारला. आवाजच वेगळा आला, कढईत भजी टाकल्यावर येतो तसा एकसारखा. हातोडीचे चार घाव घातले, पट्टी वाकली, तरी जोड सुटला नाही.

गॅस कमी नव्हताच. कूलरचा वारा त्याला उडवून लावत होता.

तिला आनंद झाला आणि तो पुरता व्हायच्या आत दुसरी गोष्ट कळली. अनुपमलाही हे ठाऊक होतं. तो जिद्दी नव्हता. बापावरचा राग तो कूलरवर काढत नव्हता. तो फक्त जोड नीट मारत होता. वर्षभर ती ज्याच्यासाठी मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होती ते त्यानं केलंच नव्हतं. भिंतीला टेकून ती खालीच बसली, आणि प्रल्हाद बादली घेऊन आत आले तेव्हा तिनं तोंड फिरवलं.

"काहून? चक्कर आली?" त्यांनी बादली तिथंच ठेवली. "थांब, लावतो."

"नाही, बाबा. लावू नका. दहा मिनिटं बंद राहू द्या."

"बिलकुल नाही."

त्यांचा आवाज असा चढला की बाहेरून जाणारा एक माणूस वळून पाहू लागला. प्लग लागला, वारा सुरू झाला. विनतानं सांगायचं काय? की तुम्ही जीव लावून करताय, त्यानंच काम बिघडतंय? की तुमचा मुलगा ज्यासाठी उकाड्यात बसला ते तुम्हाला वर्षभरात उमजलं नाही? सत्तरीच्या माणसाला हे सांगून ती कुठलं पुण्य पदरात पाडून घेणार होती?

दुपारी तिनं एक पत्रा ओढत आणला आणि तिरकी बसून तो जोडाच्या कडेला, कूलरच्या वाऱ्याच्या आड उभा केला. हवा तिच्या पाठीला लागत होती, जोडाला लागत नव्हती.

"हे काय?" प्रल्हादांनी विचारलं.

"ठिणग्या उडतात, बाबा. तुमच्या डोळ्याला लागतील."

ऑपरेशनपासून वेल्डिंगकडे पाठ करून बसणारा हा माणूस. त्याच्या डोळ्याला ठिणगी कशी लागणार, हे तिचं तिलाही बोलल्यावर लक्षात आलं. तिनं दोन जोड मारले. जोड निवेपर्यंत प्रल्हाद थांबले, मग हात पुढे केला.

अंगठा एका जोडावरून फिरला. परत फिरला. मग त्यांनी सकाळी फरशीवर मांडलेल्यांतला एक वाईट तुकडा चाचपून उचलला आणि त्याच्यावरून फिरवला.

"पत्रा काढ," ते म्हणाले. "आता एक मार."

"बाबा, राहू द्या."

"मार म्हणतो ना."

तिनं पत्रा काढून एक जोड मारला. तो चरचरत, फुटक फुटक आवाज करत झाला. प्रल्हादांनी त्याला हातही लावला नाही. आवाजच पुरे होता. ते उठले, कूलरजवळ गेले, आणि त्याच्यासमोर हात धरून उभे राहिले, जणू हवा मोजत आहेत.

"एकदा म्हटलं होतं त्यानं," ते बोलले. "म्हणे, बाबा, हवा नको. बस, एवढंच. मला वाटलं, माझं काहीच नको याला. मी म्हटलं, नको तर मर गर्मीत. आणि घरी जेवायला गेलो."

"कधी?"

त्यांनी वाऱ्यातला हात काढून घेतला. तो शेवटचाच दिवस, हे तिला तेवढ्यावरून कळलं.

"मग पत्रा काहून नाही लावला त्यानं?" त्यांनी विचारलं. आता ते रागावलेले नव्हते, खरंच विचारत होते.

विनतानं खोटं शोधून पाहिलं. सापडलं नाही.

"लहान कामाला लावता येतो," ती म्हणाली. "गेट मोठं होतं, बाबा. जोडाजोडाला पत्रा सरकवावा लागतो. धरायला कोणी तरी पाहिजे."

रस्त्यावरून एक ऑटो गेली, कोणी तरी बर्फाची लादी ओढत नेली. मग प्रल्हादांनी भिंतीला टेकलेला पत्रा दोन्ही हातांनी उचलला, कूलर आणि जोड यांच्यामध्ये येऊन खाली बसले आणि पत्रा गुडघ्यांत धरला.

"चल, मार," ते म्हणाले. "सांग कुठं सरकवू ते."

शुक्रवारी दिवसभर त्यांनी तो पत्रा धरला. शनिवारी तुळशीराम आला. त्यानं चारही जोड एकेक करून व्हाइसमध्ये आवळले आणि कसलीही दयामाया न दाखवता घाव घातले. पट्ट्या वाकल्या, जोड एकही सुटला नाही. त्यानं घाम पुसला, आणि तोही मनापासून खूश झालेला दिसला.

"पहले क्या गड़बड़ थी, दीदी?"

नव्या सिलिंडरमध्ये दोष होता, असं विनता सांगणार होती. कोणाचंच काही बिघडलं नसतं. पण तिच्या आधी प्रल्हाद बोलले.

"कूलर की हवा लग रही थी. मैं लगाता था. गैस उड़ जाती थी." ते थांबले. "अनुपम को मालूम था, इसलिए बंद रखता था. मैं साल भर सबको कहता फिरा कि लड़का जिद्दी था. तुमको भी कहा था."

तुळशीराम अनुपमला चांगला ओळखत होता. त्यानं हातातली पट्टी हळूच खाली ठेवली.

"सोमवार को पाइप भेज देता हूँ, बाबूजी," म्हणाला आणि निघाला.

तो गेल्यावर विनता तुकडे गोळा करू लागली. प्रल्हादांनी स्टूल ओढलं आणि ते मशीनच्या पुढ्यात येऊन बसले. पाच वर्षांत ते त्याच्या इतक्या जवळ कधी बसले नव्हते. एक हात त्यांनी मशीनच्या डब्यावर ठेवला, दुसरा सिलिंडरकडे नेला आणि मध्येच थांबवला.

"विनता, हे काय काय आहे ते सांग मला. शुरूपासून."

"कंटाळा येईल तुम्हाला, बाबा."

"चार वर्षं तो सांगून राहिला होता," ते म्हणाले, "तेव्हा आला."

विनतानं तुकडे खाली ठेवले, हात एप्रनला पुसले, आणि त्यांचा हात धरून सिलिंडरच्या चावीवर नेला.

"पहिले हे उघडायचं," ती म्हणाली. "हळू."