कुबडीला लागलं तरी आऊट

सकाळी वेणी घालून घेता घेता भिंगरीने आईला सांगून टाकलं, "मला माझ्या जुन्या शाळेत जायचंय."

आईचा हात थांबला. विशेष शाळेतल्या पोरीला नेहमीच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून तिने किती उंबरठे झिजवले होते, ते तिचं तिलाच ठाऊक. "बरं. उद्या जाऊन तिथल्या मोठ्या बाईंशी बोलू," एवढंच ती म्हणाली.

कारण होतं पीटीचा तास. जुन्या शाळेत कुणाच्या पायात कॅलिपर, कुणाला दिसायचं कमी, पण पीटीची घंटा झाली की सगळी पोरं मैदानाकडे सुसाट. भिंगरी दोन कुबड्यांवर धावायची, आपटायची, आऊट व्हायची आणि कचाकचा भांडायची. तिथल्या सरांनी कधी लाड केले नाहीत, याबद्दल ती अजून त्यांचे उपकार मानायची. इथे लाडच लाड. पकडापकडीत ती कायमची कच्चं लिंबू. "तू खेळ गं, तुला आऊट नाही," असं सगळी इतक्या प्रेमाने सांगायची की चिडायचीही सोय नव्हती.

याच वर्गात एक गोगलगाय होती. पीटी म्हटलं की तिच्या पोटात दुखायचं. तिच्यावर एकदा राज्य आलं की तास संपेपर्यंत उतरायचं नाही, कारण ती पकडणार कुणाला? तिला सूट हवी होती ती मिळत नव्हती, आणि भिंगरीला नको असून मिळत होती. दात आहेत तर चणे नाहीत, दुसरं काय!

त्या दिवशीही राज्य गोगलगायीवरच. रडकुंडीला येऊन ती फिरत होती. भिंगरी शेजारून निघाली आणि हिने जीव खाऊन हात मारला. तो लागला कुबडीला.

सगळा वर्ग गोगलगायीवर धावून आला. "लाज नाही वाटत? कच्च्या लिंबाला आऊट करतेस?"

"आणि कुबडीला लागलंय, तिला कुठे लागलंय?" मॉनिटर म्हणाला.

गोगलगायीचं तोंड एवढंसं झालं. सर आले, पण असला नियम त्यांनाही माहीत नव्हता. भिंगरीला माहीत होता. गप्प बसली असती तर सुटली असती.

"कुबडी म्हणजे अंगच," ती म्हणाली. "आमच्या शाळेत कुबडीला लागलं तरी आऊट. माझ्यावर राज्य."

"मग तुझी कुबडी आम्हाला लागली तर?" मॉनिटरने विचारलं.

"तर तू आऊट."

"नुसती टेकवायची हं, हाणायची नाही," सर घाईघाईने म्हणाले.

मॉनिटरने कुबडीची लांबी पाहिली आणि धूम ठोकली. मागोमाग सगळा वर्ग. आजवर तिच्याभोवती जपून वावरणारी पोरं जीव मुठीत धरून पळत होती. गोगलगायसुद्धा पळत होती, पोटदुखी विसरून. भिंगरी एकदा सपशेल आपटली. उचलायला कुणी थांबलं नाही, आणि तिला इतकं बरं वाटलं की विचारू नका. ती उठून पुन्हा धावली. कुणी हाती लागायच्या आत घंटा झाली.

नळावर पाणी पिताना तिने गोगलगायीला गाठलं. "थँक्यू हं."

"कशाबद्दल?"

"मला आऊट केलंस ना."

"मला दुसरं कुणी सापडतच नव्हतं गं," गोगलगाय खरं ते बोलली.

संध्याकाळी आई तिचा खरचटलेला गुडघा पुसत होती. "उद्या लवकर ऊठ. मोठ्या बाईंकडे जायचंय ना?"

"उद्या नाही जमायचं," भिंगरी म्हणाली. "माझ्यावर राज्य आहे."