माझ्या पोटातली आठ सेकंदं

मी हातभोंगा बोलतोय. जन्म चीनचा, बारसं अच्छाडच्या हायवेवरच्या टपरीत. आधी बोर्डीचे चिकू विकले. आवाज असा, की एका हाळीत झाडावरचे कच्चे चिकू पिकायचे. खोटं वाटलं तर बोर्डीत विचारा.

माझ्या पाठीवर लाल बटण आहे. ते दाबलं की आठ सेकंदांचं बोलणं मी गिळतो आणि बंद करेपर्यंत तेच ओकत राहतो. फेरीवाल्याचा घसा वाचतो.

पुढे वेवजीच्या उमेशने मला मोर्च्यासाठी घेतलं. पाड्याच्या ओढ्यावर साकव हवा होता. गेल्या पावसात पाड्यातल्या नवशीला कळा सुरू झाल्या, तर तिला झोळीत घालून छातीभर पाण्यातून न्यावं लागलं. यंदा आषाढात उमेशच्या बायकोचे, दक्षाचे, दिवस भरणार होते.

तलासरीत ऑफिससमोर दोनशे माणसं जमली. साकवाच्या इंजिनियर मॅडम मिझोरामच्या. त्यांना गॅलरीत बघून उमेशला चेव आला.

"ही चिनी बाई काय साकव बांधणार? चायना माल, आज हाय तं उद्या नाय!"

लोक हसले. आणि नेमका त्याचा अंगठा लाल बटणावर! मी तेच पुन्हा बोललो. पुन्हा. पुन्हा. उमेश मला बडवतोय, मी बोलतोय. सतरा वेळा. हसणं केव्हाच थांबलं होतं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या मोबाइलवर तेवढंच. ओढा नाही, नवशी नाही. साकवासाठी ठरलेली बैठकही रद्द.

"मस्करी केली गं, आये!" उमेश म्हणाला.

त्याच्या आईने, बुधीबाईने, चुलीवरून मान वर केली नाही. "डहाणूच्या दुकानात तुला काळा जंगली बोलले, ती पण मस्करीच होती ना? दोन दिस जेवला नव्हतास."

सकाळी उमेश मला घेऊन ऑफिससमोर तिथेच उभा राहिला. "मॅडम, मी घाण बोललो. माफी करा." 'पण' नाही, 'तरी' नाही.

मॅडम खाली आल्या. "मी मिझोरामची. ओढे आम्हालाही अडवतात. तुमचा दाखवा."

पावसाआधी साकव झाला. आषाढात दक्षा त्यावरून स्वतःच्या पायांनी चालत रिक्षापर्यंत गेली. मुलगी झाली. हुश्श!

आता मी साकवाच्या खांबाला टांगलेला असतो. पोटात बुधीबाईची आठ सेकंदं: "साकवावर म्हशी बांधू नका रे, मेल्यांनो!"

बाबांनो, बोलण्याआधी अंगठा कुठे आहे ते बघा. आणि चायना मालाचं म्हणाल, तर मला सोळावं वर्ष लागलंय.